आवाजाला फुकटची जागा

"दोन-दोन प्रती काढा... आणि जरा जपून, कागद दुमडलाय," ती म्हणाली. तिच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातातलं वायरचं वेटोळं धपकन खाली पडलं.

तिने वळून पाहिलं. खांद्यावर शिडी, कमरेला पक्कड-पेचकसाचा पट्टा, केसांवर झिमझिम पावसाचे बारीक थेंब, आणि तोंड असं उघडं की मिटायचंच विसरलेलं.

"तुम्ही... भूगोल का?" त्याने विचारलं.

"काय?"

"म्हणजे — आठवीचा भूगोल. तुम्हीच ना? 'वारे जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतात...' आणि मग तुम्ही थांबता. एवढंसं. जसं काही वारा खरंच खोलीत शिरला, आणि तुम्ही पान दाबून धरलंत."

दुकानदाराने यंत्रावरून मान वर केली. तिला हसू आवरेना.

"अजून आठवीतच आहात वाटतं?"

"मी नाही, आई."

"आई आठवीत?"

"तिची नजर गेली. तुमच्या वाचनालयातल्या सगळ्या कादंबऱ्या ऐकून संपल्या, आता शाळेची पुस्तकं घेतलीत. रसायनशास्त्रात गटांगळ्या खाते, पण भूगोलात पहिली येईल बघा."

यंत्राने एक कागद बाहेर सोडला. त्यावर मानेचं चित्र होतं, आणि चित्रात एका गाठीभोवती पेनाने काढलेलं वर्तुळ. तिने पटकन तळहात ठेवून तो झाकला. त्याने पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून वायर गोळा करायला खाली वाकला. हे खाली वाकणं तिला फार आवडलं. का, ते कळलं नाही.

डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, गाठ काढावीच लागेल. आवाजाची नस तिला चिकटूनच जाते. जिवाची हमी देतो, आवाजाची देत नाही.

गळ्याच्या घरट्याला नाही कडी, नाही दार,
उडून गेलं पाखरू, मागे पिसाचाही नाही भार.

तिचं काम म्हणजे वाचणं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असलेल्या एका बोलक्या वाचनालयात, भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या एका कोंदट खोलीत बसून ती पुस्तकं वाचायची आणि यंत्र ती टिपून घ्यायचं. गोष्टी, धडे, कविता, औषधांची माहितीपत्रकं, एकदा तर एका हट्टी आजोबांसाठी शिवणयंत्राचं अख्खं माहितीपुस्तक. वर्षानुवर्षं वाचलेलं ते सगळं इंटरनेटवरच्या एका भाड्याच्या जागेत होतं. कुणीही, कुठूनही ऐकावं.

म्हणून कागद झाकतानाही तिने स्वतःची समजूत घातली होती: गळ्यातला आवाज गेला तर गेला. तिथला तर आहे!

ही समजूत त्याच आठवड्यात मोडली. वाचनालयाच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. एवढा पाहुणचार पाहून तिने पाण्याला हातच लावला नाही.

"देणगीदारांनी हात आखडता घेतला गं," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्या जागेचं भाडं भरायला आपल्याकडे काही नाही. महिनाअखेर त्यांनी रिकामी करायला सांगितलीय."

"आणि पुस्तकं?"

मोठ्या बाईंनी टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडून तिकडे केला. "ते म्हणतात, पुसून टाकू."

ती रजयांच्या खोलीत जाऊन बसली. दार लावून घेतलं. त्या खोलीत बाहेरचं काही ऐकू येत नसे, आणि आतलं बाहेर जात नसे. रडायला त्यापेक्षा चांगली खोली कुणी बांधली नसेल.

दोन दिवसांनी शिडी आधी आत आली, मागून तो.

"आईने जेवण सोडलंय," त्याने दारातूनच सांगितलं. "म्हणते, भूगोल बंद होणार असेल तर सकाळी उठायचं कशाला? आता मी काय करू?"

"मला काय विचारता? तुमच्या आई आहेत."

"भूगोल तुमचा आहे."

घरोघर इंटरनेटच्या तारा ओढून देणं हा त्याचा धंदा. सगळे त्याला वायरमन म्हणत, तीही म्हणू लागली. तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला आणि बोटं मोडत सांगू लागला.

"हे बघा, भाड्याच्या जागेचे चोचले आपल्याला नकोत. फुकट जागा पुष्कळ. नुसती अक्षरांची साधी पानं असतील तर ती ठेवू देणारे आहेत. तिथे पुस्तकांची नावं टाकायची आणि कुठे काय मिळेल ते. कादंबऱ्या व्हिडिओच्या फुकट जागेवर चढवायच्या."

"व्हिडिओ? पण आपल्याकडे तर नुसता आवाज."

"वर एक काळं चित्र लावायचं, खाली तुमचा आवाज. बघणाऱ्याला वाटेल बिघडलंय. आपल्या लोकांना कुठे बघायचंय!"

ती खुदकन हसली. मग स्वतःच दचकली. कितीतरी दिवसांनी हसत होती.

"आणि शाळेची पुस्तकं?"

"ती मुलांना घटकाघटकाला लागतात, ती जवळ हवीत. गोष्टी-कविताही तशाच. त्यासाठी..." त्याने पिशवी उलटी केली. टेबलावर फुटक्या काचांचे जुने फोन घरंगळले. कुणाची काच तडकलेली, कुणाची अर्धी काळी. "लोक हे मला फेकायला देतात. आत सगळं धड असतं, फक्त दिसत नाही. ऐकणाऱ्यांच्या घरी मीच तारा ओढल्यात. तारेच्या डबीशेजारी एक-एक फोन लावून ठेवू. प्रत्येकात थोडी पुस्तकं. जो मागेल त्याला तो फोन पुस्तक पोचवेल. एका घरातली वीज गेली तर तेच पुस्तक दुसऱ्या घरातही असेल."

"फुटक्या फोनांचं वाचनालय!"

"काच फुटली म्हणून काय झालं? तुमच्या लोकांना काच कशाला हवी?"

असं त्यांचं घरोघर फिरणं सुरू झालं. शिडीचं एक टोक त्याच्या खांद्यावर, दुसरं तिच्या हातात. अरुंद जिन्यांतून वळताना तो पुढून ओरडायचा, "डावीकडे घ्या!" आणि ती हमखास उजवीकडे घ्यायची. भिंतीचा पोपडा पडायचा, वरच्या मजल्यावरून कुणीतरी कडकडायचं, आणि दोघं शाळकरी पोरांसारखी तोंडावर हात ठेवून पुढे सटकायची.

दारं उघडायची. ती "नमस्कार" म्हणायची, आणि आतल्या माणसाचा चेहरा दिवा लावावा तसा व्हायचा. "अगंबाई, ही तर आपली पुस्तकवाली!" निवृत्त पोस्टमास्तरांनी स्वतःच मागणी नोंदवली: "मला इतिहास द्या. लढाया हव्यात. कविता त्या समोरच्याला द्या, तो तसाही रडकाच आहे." एका काकूंनी प्रेमाच्या गोष्टी मागून घेतल्या आणि फोन डाळीच्या डब्यामागे लपवला. "सुनेच्या कानावर पडायला नको," त्या कुजबुजल्या. थोड्याच दिवसांत लोक एकमेकांना विचारू लागले, "तुमच्याकडे काय आहे?" "आमच्याकडे विज्ञान. काल जरा गरम झालं होतं, पंख्याखाली ठेवलंय."

एकदा असंच शिडी घेऊन जाताना तिने मागच्या टोकावरून सांगून टाकलं. त्याच्या पाठीला सांगणं सोपं होतं.

"माझ्या गळ्याचं ऑपरेशन आहे. आवाज... कदाचित राहणार नाही."

शिडी थांबली. तो वळला नाही. त्याच्या मानेवरून पावसाचा एक ओघळ कॉलरमध्ये उतरला, तो तेवढा ती बघत राहिली.

"म्हणून घाई आहे होय," तो शेवटी म्हणाला. "बरं. मग एक अक्षर सांडू द्यायचं नाही."

त्याचा लॅपटॉप जुना, पोट लहान. जुन्या जागेतून एक पुस्तक उतरवायचं, आकसवायचं, फोनमध्ये भरायचं, मूळ पुसायचं, की मगच पुढच्याला जागा. फोनांची पोटंही लहानच. महिनाअखेर तोंडावर आली तरी अर्धं वाचनालय अजून जुन्याच जागेत.

"एक उपाय आहे," तो म्हणाला. "वाचताना तुम्ही मध्येमध्ये थांबता. त्या रिकाम्या जागाही जागा खातात. यंत्र त्या आपोआप काढून टाकतं, आधी भरलेल्या पुस्तकांतूनही. शब्दाला धक्का नाही. काढू?"

"काढा की," ती हसत म्हणाली. "रिकाम्याला कशाला घर द्यायचं? आधीच आपली दाटीवाटी."

दोघं हसली. त्याने कळ दाबली.

सगळी पुस्तकं आली. ठरल्या दिवशी जुनी जागा बंद झाली, पण काही बुडालं नाही. वाचनालयाच्या पायरीवर दोघांनी चहा घेतला. तिच्या ऑपरेशनला थोडेच दिवस उरले होते.

"आवाज गेला तर मग काय?" ती गंमतीने म्हणाली. "तुम्ही बोलत जा, मी मान हलवत जाईन."

"लग्न झालेल्या पुरुषांचं उलटं असतं म्हणतात."

"कुणाचं लग्न झालंय?"

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "झालं नाही... पण — तू हो म्हणालीस तर..."

त्या 'तू'ने तिच्या अंगावरून मोरपीस फिरलं. बोलायचं ते बरी झाल्यावर बोलू, असं ती मनाशी म्हणाली. त्याने घरी चल म्हटलं, आईला भेट म्हटलं, तेही तिने पुढे ढकललं. त्या माउलीने आवाजावर जीव लावावा आणि तो आवाजच जावा, हे तिला नको होतं. आपल्या ओंजळीत आधीच थोडं पाणी, असं तिला वाटलं, आणि तिने ओंजळ घट्ट मिटली. मिटल्या ओंजळीत पाणी राहत नसतं.

ऑपरेशन नीट झालं. नस वाचली नाही.

तिने तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली — विझलेल्या चुलीवर घातलेली फुंकर. डॉक्टर म्हणाले, पुढेमागे कुजबुजण्याइतका येईल, फार आशा धरू नका. तिने मान हलवली. आता तेवढंच उरलं होतं.

वायरमन रोज यायचा. खुर्ची ओढून बसायचा, कोणत्या घरातलं कोणतं पुस्तक रुसलं ते सांगायचा. मग एके दिवशी आला तो नुसताच बसला. गुडघ्यांवर हात, नजर फरशीवर.

तिने फोनवर लिहून पुढे धरलं: काय झालं?

"आईने नव्या जागेतून भूगोल लावला," तो म्हणाला. "लगेच बंद केला. म्हणाली, ही ती नाही. मी म्हटलं, अगं तीच आहे. तर म्हणते, 'नाही रे. ही धावतेय. हिच्या मागे कोण लागलंय?'"

त्याने कानात घालायचं यंत्र तिच्या हातात ठेवलं. तिने ऐकलं.

शब्द सगळे होते. शब्दाला धक्का नव्हता. पण शब्दामागे शब्द, वाक्यामागे वाक्य, धापसुद्धा न टाकता पळत सुटलेलं. कुठे थांबणं नाही, श्वास नाही. वारे जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतात समुद्रावरून येणारे वारे — पान नाही, खोली नाही, वाचणारी बाई नाही. कुणीतरी तिचं नाव-गाव विसरून तिच्या आवाजात ओरडत गल्लीतून पळत होतं.

"सगळी पुस्तकं?" तिने लिहिलं.

त्याने मान हलवली. "मूळ पुसत गेलो होतो. आणि ती जागा तर बंदच झाली." मग हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "पोरं खूश आहेत. परीक्षेआधी लवकर संपतं म्हणे."

तिने यंत्र कानातून काढलं. काढा की — तीच म्हणाली होती. हसत म्हणाली होती. त्याने विचारून कापलं, तिने हसून कापू दिलं. आता तिच्या गळ्यात आवाज नव्हता, आणि जगात ठेवलेला तो तिचा नव्हता.

त्यानंतर तो वेड्यासारखा ते दुरुस्त करायच्या मागे लागला. यंत्राकडून वाक्यावाक्यात मोकळी जागा घालून घेतली, तर तिचा आवाज कवायतीला उभा राहिल्यासारखा थांबू लागला. मग हाताने घालत बसला. कामावर जाईना. गिऱ्हाइकं फोन करून दमली. डोळ्यांखाली काळं आलं.

सोड ते, तिने लिहिलं.

"कसं सोडू? मी बुडवला तुझा आवाज." त्याचा स्वर चिरकला. "लग्न कर माझ्याशी. मी जन्मभर..."

तो पुढे काय म्हणाला ते तिने ऐकलंच नाही. जन्मभर! जन्मभर काय — भरपाई? ज्या आवाजावर हा भाळला तो गेला. आता हा तिच्या तोंडाकडे बघणार, आणि तिथे जे नाही ते शोधत राहणार. रोज. जेवताना, चहा पिताना. आणि चूक केल्यासारखा खाली मान घालणार.

तिने उत्तर दिलं नाही. पुढच्या निरोपांनाही नाही. लांबच्या शहरात थोरला भाऊ होता, तो कधीचा बोलावत होता. जायचं ठरलं. मामला संपला.

फक्त एक काम राहिलं होतं. तिच्या घरीही एक फुटका फोन होता, तो परत करायला हवा होता. वायरमन कामावर असेल अशी दुपारची वेळ तिने निवडली. त्याच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरायचं, फोन टेबलावर ठेवायचा, निघायचं. पण अंदाज चुकला, फोन टेबलाच्या कडेला आपटला.

"कोण?" खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला.

तिने तोंड उघडलं. हवा.

"शेजारची धाकटी का गं? पुन्हा रुसलीस वाटतं?" आई हसली. बारकीशी, पांढऱ्या केसांची, मांडीवर निवडायची भाजी. बोटं न बघता भराभर चालत होती. "नको बोलूस. बस मात्र. तो नाही घरी, लोंबकळत असेल कुठल्या खांबावर. चार दिवस झाले, आता कुठे कामाला लागलाय."

ती दाराकडे वळली, आणि वळता वळता थांबली.

"लग्न करायचं म्हणतो," आई सांगू लागली. "त्या वाचणारीशी. मी म्हटलं, बाबा, आवाज गेला तिचा, आता काय धरून बसलास? तर म्हणतो, 'आई, दवाखान्यात तिला शुद्ध आली, आवाज गेल्याचं तिला कळलं, आणि तिने पहिलं काय केलं असेल? माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं — जेवलास का?' आता सांग. गळ्याला टाके, आणि ही विचारते जेवलास का. अशी पोर सोडायची का, म्हणतो."

तिला ते आठवतही नव्हतं. ग्लानीत केलं असेल. ती भिंतीला टेकली.

"पण तुला म्हणून सांगते, कुणाला बोलू नकोस." आईची बोटं भाजीत थबकली. "मला भीती वाटते गं. डोळे गेले तेव्हा म्हटलं, असू दे, माणसं आवाजावरून ओळखेन. आता घरात येणार ती बिनआवाजाची. उद्या ती समोर उभी असेल, मी तिच्याचबद्दल काहीबाही बोलत बसेन, आणि मला पत्ताही लागणार नाही. मला ती दिसणार नाही, तिला बोलता येणार नाही. सांग, एका घरात आम्ही दोघींनी एकमेकींना शोधायचं कसं?"

नळाचा थेंब तेवढा पडत होता.

ती पुढे झाली. खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली, आईचा भाजीने ओला झालेला हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला — टाक्यांच्या जाड, आडव्या रेघेवर.

बोटं रेघेवरून एकदा गेली. परत आली. थांबली.

"अगंबाई..." आई म्हणाली. "म्हणजे मी मघापासून तुझंच तुला..."

तिचे खांदे हलू लागले. हसण्याने की रडण्याने, तिचं तिलाच कळेना. आईने तिचा चेहरा चाचपला, गाल, डोळे, ओलावा.

"जायला आली होतीस?"

तळहाताखाली मान हलली. हो.

"भूगोल आता परत येणार नाही," आई हळूच म्हणाली. "मला कुणी खोटी आशा लावू नका. मी त्याच्यासाठी रडून घेतलंय, तूही रडून घे. गेलं ते गेलं." तिने पदराने आधी पोरीचे, मग स्वतःचे डोळे पुसले. "पण एक सांगते. या घरात राहायचं असेल तर पाय वाजवत चालायचं. पावलं चोरत आलीस तर मी दचकून मरेन. जमेल?"

मान हलली. या खेपेला सावकाश.

"मग जा, चहा टाक. तो येईलच इतक्यात."

ती उठली. डोळे पुसले. चप्पल काढली होती, ती मुद्दाम पुन्हा घातली, आणि स्वयंपाकघराकडे निघाली — धप्... धप्... धप्.

खालच्या मजल्यावरून कुणीतरी चिडून काठीने छत ठोकलं.

"ठोकू दे," आई म्हणाली. "माझी सून चालतेय."